डाव्या हाताचं घड्याळ

माझ्या नवऱ्याला टकटक चालत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी वाजवणाऱ्याच्या कानात जी यांत्रिक टकटक सोडतात आणि जिला धरून सगळ्यांनी वाजवायचं असतं, ती. लग्नाआधी पुण्यातल्या एका स्टुडिओत त्याला तबल्यासाठी बोलावलं होतं. त्याने हेडफोन कानाला लावला, दोन आवर्तनं ऐकली, हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला आणि तबले उचलून घरी आला. "लय माणसाला असते, पाण्याच्या पंपाला नसते," असं तो तिथे म्हणाला म्हणे. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. मग त्याने बँकेची परीक्षा दिली. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की तो सांगताना अडखळला तर मी पुढचं वाक्य पुरवू शकते.

बँकेने त्याला गावोगाव फिरवलं आणि शेवटी कोलकात्याला आणून सोडलं. इथे आम्ही रुळलो. सॉल्ट लेकमध्ये फ्लॅट घेतला, मला सेक्टर फाइव्हमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. या कामाचा सराव मी लग्नापासूनच त्याच्यावर करत आलेय, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर तिची खोली आम्ही स्टुडिओ केली. स्टुडिओ हा जरा मोठा शब्द झाला. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीला दुहेरी पडदा आणि एसी, कारण इथल्या दमट हवेत तबल्याची चामड्याची पुडी आणि मशीनचं पोट दोन्ही सारखीच बिघडतात. एक जुना सिंथेसायझर, तो तंबोऱ्यासारखा सूर धरायला. एक तालाचं यंत्र, त्यात आम्ही टाळ-झांजांचे आवाज भरून ठेवलेले. एक रेकॉर्डर. एक लॅपटॉप. आणि या सगळ्यांच्या मधे साबणदाणीएवढी काळी डबी, मिडी इंटरफेस. तिच्यातून आवाज जात नाही, नुसते हुकूम जातात. हा सूर लाव, तो सोड, आता सुरू कर, आता थांब. आणि सगळ्यांत महत्त्वाचा हुकूम अखंड चालू असतो: मात्रा आली, मात्रा आली, मात्रा आली.

डबीला स्वतःचं डोकं नाही. कुठून काय घ्यायचं आणि कोणाला काय द्यायचं, ते लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममधून तिला सांगावं लागतं. आणि तो प्रोग्रॅम उघडल्या उघडल्या एकच प्रश्न विचारतो: घड्याळ कोणाचं? म्हणजे वेळ एकाने द्यायची आणि बाकीच्यांनी ती मुकाट्याने घ्यायची. दोघं वेळ द्यायला लागले की सगळ्यांची फरफट होते. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

जगभर सगळे लोक घड्याळ लॅपटॉपकडे देतात. मीही तेच करणार होते. नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, "मी त्यांच्यामागे जाणार नाही. त्यांना माझ्यामागे येऊ दे."

"ती मशीनं आहेत," मी म्हणाले. "तुझे शिष्य नाहीत."

"मग शिष्य कर त्यांना. तू एवढी सॉफ्टवेअरवाली."

मला कोणी असं डिवचलं की मी जेवण विसरते. त्याच्या डग्ग्याच्या कडेला मी एक चपटं सेन्सर चिकटवलं. डग्ग्यालाच, कारण ठेक्याचा भार तिथे असतो आणि तो ठोका हमखास येतो. डाव्या हाताचा ठोका पडला की सेन्सर डबीला सांगणार, डबी लॅपटॉपला, लॅपटॉप त्यावरून लय काढणार आणि टाळाला, सुराला, रेकॉर्डरला, सगळ्यांना त्या लयीने चालवणार. प्रोग्रॅममध्ये एक सरकपट्टी होती. ती एका टोकाला नेली तर मशीनं प्रत्येक ठोक्याला दचकून पळायची. दुसऱ्या टोकाला नेली तर ती समंजस व्हायची, मागचे सगळे ठोके लक्षात घेऊन, छोटी-मोठी चूक पोटात घालून चालायची. मी ती मधे ठेवली. आणखी एक रकाना होता. लय कितीच्या खाली गेली की वाजवणारा थांबला असं समजायचं? इतकं संथ कोण वाजवतं, असं म्हणत मी तिथे मनाला येईल तो लहानसा आकडा टाकला.

पहिल्या दिवसाची मजा मला अजून आठवते. त्याने मुद्दाम लय खेचली, तर टाळ खेचले गेले. त्याने दौड मारली, तर सगळी खोली त्याच्यामागे धावली. तो लहान मुलासारखा हसत सुटला. आमच्याकडे कीबोर्ड वाजवायला एक बंगाली गृहस्थ येतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो, लोकलने सियालदहला उतरून पुढे बसने येतात, वयाने आमच्याहून मोठे असून मला बौदी म्हणजे वहिनी म्हणतात. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बौदी, ये तो पालतू बना दिया!" नवऱ्याने डग्ग्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही मशीनं सभ्य आहेत. पुढे पुढे करत नाहीत."

त्यानंतर दर वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीची आरती आम्हीच रेकॉर्ड करून देतो. इथे वाजवणारे जमवणं मुश्किल. कोणाची बदली झालेली असते, कोणाला न्यू टाउनच्या ऑफिसातून निघता येत नाही. म्हणून हॉलमध्ये स्पीकर लावायचा आणि त्यावर सगळ्यांनी म्हणायचं. अडचण मुलांची. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी कळतं, पण जिभेवर ते अडखळतं. त्यांना आरत्या इंग्रजी अक्षरांत छापून द्याव्या लागतात. कागदावर बोट ठेवून ती बिचारी शब्द शोधतात, तोवर मोठी माणसं पुढच्या कडव्यात पोचलेली असतात. म्हणून मंडळाच्या कार्यवाह काकू दर वर्षी नवऱ्याला बजावतात, "अहो, जरा सावकाश घ्या. मुलांना घेऊन चालायचंय." आणि आरती दर वर्षी जरा सावकाश होत गेली. मला त्याचं कौतुक वाटायचं. ज्या माणसाने लयीपायी स्टुडिओ सोडला, तो लोकांच्या पोरांसाठी लय सोडतोय, वय झालं की माणूस मऊ होतो, असं मी मुलीला फोनवर सांगितलं होतं.

तशी आमच्या घरात तेव्हा बऱ्याच बदलांना अशी गोड कारणं सापडत होती. आमच्या खालच्या मजल्यावर रोज सकाळी मोहरीचं तेल कडकडीत तापवतात आणि त्यात मासा सोडतात. सांगलीच्या शाकाहारी घरातला माझा नवरा वर्षानुवर्षं नाकाला रुमाल लावून खिडक्या बंद करत फिरायचा. एक दिवस माझ्या लक्षात आलं की खिडक्या उघड्याच असतात. "झालास की रे बंगाली!" मी म्हणाले. तो चहा पीत होता. "कशाचा वास?" असं त्याने विचारलं आणि मी त्याला टाळी दिली.

मग बँकेतली गंमत. त्याच्याच हाताखालच्या मुलीने त्याचा चेक परत आणून दिला, "सर, सही जुळत नाहीये." त्याची सही पूर्वी पानभर पसरायची. आता ती मुंगीएवढी झाली होती. रिटायर व्हायला आलेला माणूस सहीतसुद्धा काटकसर करायला लागला, असं तो स्वतःच जेवताना सांगत होता. आम्ही दोघं हसलो.

बाहेर वाजवणंही त्याने बंद केलं. गायकांचे फोन यायचे, तो म्हणायचा, कंटाळा आला. मला बरंच वाटलं. रविवारी माणूस घरात सापडायला लागला होता.

त्या वर्षी गणपती महिन्यावर आले आणि आम्ही नेहमीसारखे रेकॉर्डिंगला बसलो. रस्त्यावर दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू येऊन पडले होते, दिवसभर कुठून तरी ठोकाठोक ऐकू यायची. दादा कीबोर्डवर, नवरा तबल्यावर, मी लॅपटॉपपुढे. आरती सुरू झाली, दोन कडवी गेली, आणि सगळं थांबलं. टाळ थांबले, सूर थांबला, रेकॉर्डरचा लाल दिवा विझला. खोलीत एकटा तबला राहिला. नवऱ्याने तो आणखी थोडा वाजवला आणि वर बघितलं. "तुझे शिष्य पळाले," तो म्हणाला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलं, थोडं पुढे जाऊन. तिसऱ्यांदा थोडं अलीकडे. वायर गेली असणार, असं म्हणून मी वायर बदलली. मग डबीची जागा बदलली, या छिद्रातली वायर त्या छिद्रात. मग प्रोग्रॅम काढून नव्याने घातला. त्या रविवारी काही जमलं नाही. मी इथल्या चांदनी चौकात, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नवं सेन्सर आणलं, दुकानदाराशी जुन्यावरून भांडले, तो बिचारा म्हणत राहिला की दिदी, ये तो ठीक है. पुढच्या रविवारी नवं सेन्सर लावून बसलो. टाळ वाजले, सूर भरला, आणि तेच. आता मी ऑफिसचा लॅपटॉप आणला. मशीनला शिव्या दिल्या, डबी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या. मधल्या काळात ती सरकपट्टी मी अजून समंजस टोकाकडे ढकलली होती. खरं म्हणजे वर्षभर मी ती थोडी थोडी ढकलतच आले होते, कारण आधी जेवढ्यावर भागायचं तेवढ्यात आता भागत नव्हतं. जुनं मशीन म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं मी धरून चालले होते.

आमच्या कामात पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवतात. चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी नव्या पोरांना हा नियम दरडावून सांगते. त्या दुपारी मी स्वतःलाच तो सांगत पाटावर जाऊन बसले आणि नवऱ्याच्या डग्ग्यावर ठोके द्यायला लागले. मला तबला येत नाही. धबाधब वाजवलं. टाळ माझ्यामागे आले आणि येतच राहिले. कडव्यामागून कडवी झाली, काही थांबलं नाही. मग दादांना बसवलं. त्यांनी लाजत लाजत, दोन बोटांनी डग्गा वाजवला. सगळं सुरळीत. "मेशीन ठीक आछे, बौदी," ते म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता कीबोर्डवर जाऊन बसले.

वायर बदलून झाली होती. सेन्सर, प्रोग्रॅम, लॅपटॉप, सगळं बदलून झालं होतं. न बदललेली एकच गोष्ट त्या खोलीत शिल्लक होती, आणि ती भिंतीला टेकून उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"आता मी," नवरा म्हणाला.

"राहू दे," मी म्हणाले. "उशीर होतोय, दादांची गाडी आहे."

"आता मी," तो पुन्हा म्हणाला आणि बसला.

लॅपटॉपवर लयीची एक रेघ उमटत जाते. आजवर मी तिच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं, मला नुसते हिरवे दिवे हवे असायचे. त्या दिवशी मी रेघेवरून नजर हलवली नाही. आरती पुढे सरकते तशी लय चढते, हे मराठी माणसाला कोणी शिकवत नाही. शेवटाकडे येता येता टाळ्या आपोआप जोरात पडायला लागतात, लहान पोरंसुद्धा तेव्हा उड्या मारतात. नवराही तसाच पुढे झुकला. मान डोलायला लागली. उजवा हात तबल्यावर पूर्वीसारखाच फिरत होता, कपाळावर घाम आला होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं की हा माणूस दौडतोय. रेघ खाली चालली होती. डावा हात डग्ग्यावर पडत होता, पण प्रत्येक ठोका आधीच्याहून लहान होता आणि किंचित उशिरा. उजवा हात त्याच्यासाठी थांबायचा, टाळही थांबायचे, सूर थांबायचा, कारण मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ऐकताना सगळं एकत्रच वाटायचं. मग रेघ त्या खालच्या आकड्याला टेकली. खोली गप्प झाली. पडद्यावर एक छोटी चौकट आली. इतके दिवस मी ती न वाचताच बंद करत होते. वाजवणारा थांबला आहे, असं तिच्यात लिहिलं होतं.

तो थांबला नव्हता. सगळ्यांच्या नंतर तो एकटाच वाजवत होता, मान डोलावत. मला भीती वाटली. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाची मला त्या क्षणी भीती वाटली.

दादांनी कीबोर्डवर कापड घातलं. "ट्रेन आछे," एवढंच म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते परत आले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"उगाच नाटकं करू नकोस."

तो डावा पंजा उजव्या हाताने चोळत बसला. मग म्हणाला, "मागे त्या बैठकीला गेलो होतो ना, तेव्हा सगळे माझ्यापुढे निघून जात होते. मला वाटलं, हल्लीच्या गायकांना घाई फार. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच. मग इथे येऊन बसायचो. इथे कोणी पुढे जात नाही."

"म्हणून बाहेर वाजवणं सोडलंस?"

"बाहेरची माणसं वळून बघतात गं. तुझी मशीनं बघत नाहीत."

मी चिडले. एवढं लपवलंस, मला सांगायला काय झालं होतं, वगैरे सगळं बोलून घेतलं. तो ऐकत राहिला. चहा करायला मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभ्या उभ्या मला एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना मी त्याच्या दोन पावलं मागे असायचे, धापा टाकत. हल्ली आम्ही शेजारी शेजारी चालत होतो. तो थांबायला शिकला असं मला वाटलं होतं. पण चाल मी बदलली होती, आणि कधी बदलली ते मला सांगता येईना. त्याच्या शर्टाची बटणं मी लाडाने लावून द्यायला लागले होते. त्याची वाक्यं मी पुरी करायचे. त्या घरात आम्ही सगळे, मी आणि मशीनं, त्याच्यामागून चालत होतो, आणि मागून चालणाऱ्याला पुढचा हळू झाला हे कळत नाही.

डॉक्टर तरुण होते, बंगाली, मृदू बोलणारे. त्यांनी नवऱ्याला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितलं, जमेल तितक्या मोठ्या आणि जमेल तितक्या भराभर. उजव्या हाताने ते छान केलं. डाव्याने सुरुवात चांगली झाली. मग बोटांमधली फट लहान होत गेली, आणखी लहान, आणि बोटं एकमेकांना चिकटून राहिली. ही रेघ मी आधी पाहिली होती. मग डॉक्टरांनी विचारलं, "वास येतो का नीट?"

मला खालच्या मजल्यावरचं मोहरीचं तेल आठवलं, आणि मी त्याला दिलेली टाळी.

कंपवात, असं त्यांनी सांगितलं. "पण कंप कुठे आहे?" नवऱ्याने विचारलं. हात पुढे धरून दाखवला. हात अगदी स्थिर होता, आणि त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती. सगळ्यांना कंप असतोच असं नाही, डॉक्टर म्हणाले, काहींचं नुसतं सगळं मंदावत जातं. औषधं लिहून दिली. व्यायाम सांगितले. तबला वाजवतो म्हटल्यावर ते खूश झाले. "मग तर सोपं आहे. मेट्रोनोम, ते ठोका देणारं घड्याळ, लावायचं आणि त्या ठोक्याला पाऊल टाकत रोज चालायचं. बाहेरचा ठोका पायांना मदत करतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. घड्याळ त्यांच्यामागे न्यायचं नाही. त्यांनी घड्याळामागे यायला हवं. तुम्ही सांभाळून घेत गेलात की उतार थांबत नाही."

लिफ्टमध्ये तो माझ्याकडे बघत नव्हता. तळमजला आल्यावर म्हणाला, "म्हणजे टकटक."

"हो," मी म्हणाले.

"पंप," तो म्हणाला, आणि आम्ही ऑटो शोधायला लागलो.

आरती राहिलीच होती. दुसऱ्या कोणाला सांगू या, असं मी म्हणून बघितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला. प्रोग्रॅम उघडून तो खालचा आकडा मी आणखी खाली केला. टाइप करताना माझीच बोटं थरथरत होती. घरात कंप कोणाला असेल तर तो मला होता. या वेळी काही थांबलं नाही. सगळे शेवटपर्यंत त्याच्यामागून गेले. दादांनी एकदाही वर बघितलं नाही.

गणपतीच्या संध्याकाळी हॉल भरला होता. निरांजनं लागली, स्पीकरवर आमची आरती सुरू झाली. मी मागे खांबापाशी उभी होते. मोठी माणसं सवयीने टाळ्या वाजवायला लागली आणि टाळ्या पुढे धावायला लागल्या, मग मागे आल्या, मग जुळल्या. एवढ्या मोठ्या हॉलला त्या डाव्या हाताने आपल्यामागे घेतलं. मुलं कागदावर बोट ठेवून म्हणत होती, आणि कोणीच मागे पडत नव्हतं. शेवटी लय चढायची ती चढलीच नाही. लोकांनी टाळ्यांसाठी उचललेले हात थोडा वेळ तसेच वाट बघत राहिले. मी देवाकडे बघितलं. मागायचं काय, तेही सुचलं नाही.

आरती झाल्यावर काकू प्रसादाची वाटी घेऊन धावत आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "अहो, आज पहिल्यांदा आमच्या नातवाने पूर्ण आरती म्हटली! एक शब्द सुटला नाही त्याचा. किती समजून वाजवलंत तुम्ही. आता पुढच्या वर्षीही हीच लय ठेवायची हं, याच्यापेक्षा फास्ट नको."

नवऱ्याने प्रसाद उजव्या हातात घेतला. "फास्ट नाही होणार," तो म्हणाला.

आता रोज सकाळी आम्ही पॅसेजमध्ये चालतो. बैठकीच्या खोलीपासून स्टुडिओच्या दारापर्यंत, आणि परत. लॅपटॉप मी दारात स्टुलावर ठेवते. घड्याळ कोणाचं, या प्रश्नाला मी आता लॅपटॉपचं असं उत्तर दिलंय. सेन्सरची वायर काढून ठेवलीय. पहिल्या दिवशी त्याला बरं वाटावं म्हणून टकटकीऐवजी मी टाळाचा आवाज लावला होता. त्याने तो लगेच बंद करायला लावला. "टाळाला या कामाला जुंपू नकोस," तो म्हणाला. "टकटकच लाव." म्हणून टकटक लावते. खालून मोहरीच्या तेलाचा वास येतो. मी खिडकी बंद करत नाही. आज ना उद्या तो कुरकुर करेल असं मला वाटत राहतं.

सुरुवातीला त्याचा पाय ठोक्यावर इतका चोख पडायचा की मला डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले होते. मी शेजारून चालत नाही. मला सक्त मनाई आहे, कारण मी शेजारी असले की माझी पावलं त्याच्यामागे जातात. मी लॅपटॉपपाशी उभी राहते आणि टकटकीच्या लयीच्या आकड्याला हात लावत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ते मला पाठ आहे.

काल तो वळताना अडखळला, भिंत धरली म्हणून वाचला. तो पाणी प्यायला गेला, तेवढ्यात मी आकडा एकाने खाली आणला. त्याला सांगितलं नाही.

आज तो मधेच थांबला. भिंतीला हात टेकून टकटक ऐकत उभा राहिला. त्याचा कान अजून पूर्वीचाच आहे, असं मी सगळ्यांना सांगत असते.

"आज जलद लावलीयस का गं?" त्याने विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. आकडा कालचाच होता, खाली आणलेला.

"हो रे," मी म्हणाले. "चुकून हात लागला असेल." आणि तो आणखी एकाने खाली आणला.

त्याने मान डोलावली, समेची वाट बघतो तशी. "हां," तो म्हणाला, "आता बरोबर आहे." आणि चालायला लागला.